तुम्ही विचारा: कांदा, हप्ता आणि मधले पैसे

या वेळच्या पत्रांमध्ये कांदा फार आहे, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न: ताई, आमची निफाड तालुक्यात चार एकर शेती. कांद्याला जरा बरा भाव आला की सरकार निर्यात अडवतं, आणि मातीमोल होतो तेव्हा कोणी फिरकत नाही. २०२३ च्या डिसेंबरात जे झालं ते आम्ही अजून फेडतोय. याला अर्थशास्त्रात काही कारण आहे का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर: दादा, कारण आहे पण ते मला पटत नाही, हे आधीच सांगते. खाणारे संख्येने जास्त, पिकवणारे कमी, आणि १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याने पाडलं ही गोष्ट सगळ्याच पक्षांच्या मनात घट्ट बसलीय, म्हणून भाव चढला की पहिला हात निर्यातीवरच पडतो कारण त्यात तिजोरीतला एक रुपया जात नाही, जातो तो तुमच्या खिशातला.

तुमच्या त्या सीझनचंच बघा ना. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचा नाही, आणि ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. चार महिन्यांत तीन नियम! लासलगावला लाल कांद्याच्या ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, लिलाव बंद पडले, चांदवडला हायवेवर रास्ता रोको झाला आणि दोनेक आठवड्यांत भाव निम्म्यावर. लाल कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं, काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो, म्हणजे थांबून भाव बघू हा पर्यायच तुमच्याकडे नव्हता.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. डिसेंबरात उन्हाळ कांद्याची लागण चालू असते, वर्षभराचा जवळपास ७० टक्के माल या रब्बीतून येतो आणि दिवाळीपर्यंत देश तोच खातो. ज्या महिन्यात शेतकरी किती बिघे लावायचे हे ठरवतो त्याच महिन्यात सरकार त्याला सांगतं की भाव आला तर आम्ही पाडू, मग तो लागण कमीच करणार ना. २०२२-२३ मध्ये देशात साधारण ३०२ लाख टन कांदा झाला होता, पुढच्या वर्षी २४२ लाख टनांवर आला. पाऊस कमी होता हे खरं, सगळं बंदीवर ढकलत नाही, पण ग्राहकासाठी म्हणून केलेली बंदी अशी वर्षभराने ग्राहकाच्याच अंगावर येते.

बाहेरचं गिऱ्हाईकही तुटतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये अशीच बंदी होती तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय, आधी थोडं कळवलं असतं तर दुसरीकडून आणला असता. लोक हसले तेव्हा, पण आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बोलत होता तो! नंतर बांगलादेशाने घरचं पीक वाढवायला घेतलं, पाकिस्तान, चीनकडूनही माल आणला. आपली २०२३ ची बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क ठेवून, आणि ते शुल्क शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

माझं सरकारला म्हणणं एवढंच आहे की भाव अमुक पातळीच्या वर गेला तर शुल्क अमुक लागेल आणि खाली आला की आपोआप निघेल, हे रोप टाकायच्या आधी, सप्टेंबरातच जाहीर करा. नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी कांदा घेणाऱ्या सहकारी संस्थांनी बफरसाठी, म्हणजे राखीव साठ्यासाठी, जी खरेदी करायची ती भाव पडलेला असताना बाजार समितीच्या उघड लिलावात उतरून करा. बंदी नकोच.

प्रश्न: माझं पुण्यात होम लोन आहे. २०२४ भर हप्ता कमी होईल म्हणत होते, झाला नाही, कारण काय तर भाज्या महाग! माझ्या हप्त्याचा आणि भाज्यांचा काय संबंध? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: संबंध सरळ आहे. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं टार्गेट आहे, फार तर २ इकडे-तिकडे, आणि महागाई मोजायच्या २०१२ च्या आधारवर्षाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्के निघाली, नुसत्या अन्नाची तर १०.८७. मग रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५ टक्क्यांवरच राहिला, फेब्रुवारी २०२५ पर्यंत, आणि तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर हप्ताही तिथेच.

त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीत म्हटलं होतं की टार्गेटमधून अन्न वगळायचा विचार करावा, कारण व्याजदर वाढवून काही शेतात टोमॅटो येत नाही. मुद्दा बरोबर आहे, पण मी तरी वगळायच्या विरोधात आहे. ज्या घरात निम्मा पगार किराणा-भाजीत जातो तिथे महागाई म्हणजे तेच, ते मोजायचं सोडलं तर त्या घराला आकडा खोटाच वाटणार आणि पगारवाढ मागताना लोक भाजीचा भाव बघूनच मागतात, पाहणीतला आकडा बघून नाही. आकडा ठेवा, पण भाजी स्वस्त करायचं काम रिझर्व्ह बँकेवर टाकू नका, ते गोदामांचं आणि चाळींचं काम आहे.

प्रश्न: आम्ही मडगावला ४० रुपये किलोने घेतो आणि शेतकऱ्याला १२ मिळाले म्हणतात. मधले पैसे जातात कुठे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: रिझर्व्ह बँकेच्याच २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले कांदा उत्पादकाला ३६ पैसे मिळतात असं निघालं. बाकीचे सगळे व्यापारी गिळतो असं मात्र नाही हं. एप्रिलमध्ये चाळीत १०० क्विंटल भरला तर ऑक्टोबरात ६५-७० बाहेर येतो, काही वजनात सुकतो, काहीला कोंब फुटतात, काही काजळी धरून सडतो. मग निवडणं, बारदान, हमाली, ट्रकचं भाडं, घाऊकवाल्याचं कमिशन, आणि तुमच्या भाजीवाल्याकडे रोज जो खराब निघतो तो.

पण या साखळीत भाव पडला की प्रत्येकाचा खर्च आधी कापला जातो आणि उरेल ते शेतकऱ्याचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला, किलोला १ रुपया भाव लागला, पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, गाडीभाडं, हमाली, तोलाई धरून ५०९ रुपये ५१ पैसे कापले आणि हातात २ रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. राज्य सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, म्हणजे किलोला साडेतीन.