एसबीआर दुसऱ्यांदा देताना नोकरी सांभाळून अभ्यासाचा वेळ कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय, एसीसीए या आंतरराष्ट्रीय अकाउंटन्सी परीक्षेतल्या स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग (एसबीआर) या पेपरात 44 गुण मिळून नापास झालात, नोकरी चालू आहे आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढावं का, ते ठरत नाहीये. मला पहिल्या वेळी 46 होते. मीही पहिल्या पानापासूनच सुरुवात केली होती, म्हणून कळकळीने सांगते, ते करू नका. एकदा वाचलेला धडा परत वाचताना सगळं येतंय असंच वाटत राहतं. लिहिता येतं की नाही, ते तसंच झाकलेलं राहतं.

आधी तास मोजा. निकाल लागल्यापासून पुढच्या सत्राला साधारण सातच आठवडे मिळतात. माझा हिशोब असा होता: चार दिवस ऑफिसच्या आधी सव्वा तास, शनिवारी पाच, रविवारी तीन. आठवड्याला 13, एकूण 91. त्यातले 20 मी तिथल्या तिथे वजा केले, कारण महिनाअखेरच्या क्लोजिंगमध्ये, म्हणजे हिशोब बंद करण्याच्या दिवसांत, माझ्याच्याने पुस्तक उघडलं जात नाही हे मला माहीत होतं. उरले 71. ही वजाबाकी कराच. भरगच्च वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडलं, की पुढचं पाळायचं मनच होत नाही.

त्यातले निम्मे तास फक्त घड्याळ लावून उत्तरं लिहायला. पेपर 195 मिनिटांचा आणि 100 गुणांचा, म्हणजे 25 गुणांच्या प्रश्नाला जेमतेम 49 मिनिटं. तपासायला त्याहून थोडा जास्त वेळ धरा. 35 तासांत असे 20 प्रश्न होतात.

खरा अभ्यास तपासण्यात होतो. माझ्यापुढे एक प्रश्न होता: एका कंपनीत आधीच 30 टक्के हिस्सा, आता आणखी 40 टक्के घेऊन नियंत्रण मिळालं. गुडविलचा, म्हणजे कंपनीच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या किमतीचा, आकडा माझा बरोबर आला. पण जुना हिस्सा त्या तारखेच्या फेअर व्हॅल्यूला (बाजारातल्या रास्त किमतीला) का आणायचा, याबद्दल माझी एकच ओळ होती. नियंत्रण आलं की व्यवहाराचं स्वरूपच बदलतं, जुना हिस्सा विकून नव्याने घेतल्यासारखा धरला जातो, आणि त्यावरचा फरक नफा-तोट्यात जातो, हे लिहायलाच हवं होतं. पेपरातले माझे गुण याच ‘का’मध्ये गेले होते, हे त्या दिवशी लक्षात आलं.

उरलेले तास अशा अडलेल्या जागांसाठी. वाचायचं ते तेवढंच. एथिक्सचा 20 गुणांचा प्रश्न मात्र शेवटावर ढकलू नका, तोही लिहूनच जमतो. आणि सराव कीबोर्डवरच करा, कागदावर नको.

या रविवारी वाचन न करता एक जुना प्रश्न 49 मिनिटांत लिहून पाहा. कुठे अडलात ते इथे कळवलंत, तर उरलेले आठवडे कसे वाटायचे ते मी नक्की सांगेन.