डॉक्टरनं टाके काहून नाही मारले?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, वखरताना आमच्या ह्यायच्या पायाले पास (वखराचं लोखंडी पातं) लागली, तीन बोटं लांब जखम, त्यात शेणामातीनं पाय भरलेला. सासूबाईनं लगेच हळद-चुना भरून चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं त तिथल्या डॉक्टरनं पाणी मारमारून सगळं काढलं, एक इंजेक्शन दिलं अन टाके न मारता नुसती पट्टी बांधून चार दिवसांनी या म्हणे. शेजारचे म्हणतात टाळाटाळ केली. शहरात न्यावं काय?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, शेजाऱ्यांचं ऐकू नका बाप्पा, टाके मुद्दामच मारले नाहीत. शेणामातीची जखम वरून शिवली की घाण आतच राहते, पू होतो अन मग तेच टाके तोडून सगळं मोकळं करावं लागतं. म्हणून अशी जखम धुऊन उघडी ठेवतात, अन चार-पाच दिवसांनी आतून लाल, स्वच्छ दिसली तर तेव्हा शिवतात. बोलावलं त्या दिवशी नक्की जा.

सासूबाईंवर रागावू नका, माझ्या आजीनंही माझ्या गुडघ्यात हेच भरलं होतं. पण चुना मांस जाळतो अन हळद जखमेत गोळा होऊन बसते, मग ती काढताना पेशंट काय ओरडतो ते मी रोज ऐकतो. खरं औषध पाणी. पिण्याचं चालतं, पण लोक दोन मग ओततात अन झालं म्हणतात, दहा-पंधरा मिनिटं धार हवी. बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडा अन दाबा, मस्त धार येते. फेसाचं हायड्रोजन पेरॉक्साईड नको, त्यात चांगलं मांसही मरतं.

इंजेक्शन बहुतेक धनुर्वाताचं असेल, चिठ्ठीवर टीडी लिहिलंय का बघा. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता तेच देतात. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळं गंजलेलंच लोखंड लागावं असं काही नाही. घाण जखमेत आधीच्या डोसला 5 वर्षं उलटली असली की परत घ्यावा लागतो, अन जन्मात तीन डोस झालेच नसतील तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही (धनुर्वाताशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, हे डॉक्टरला आठवणीनं सांगा.

ठणका वाढला, लाली वर चढली, ताप आला किंवा जबडा आखडला तर चार दिवस मोजत बसू नका, लगेच न्या. शुगर असेल तर अजून जपा. अन पेरणीची कितीही घाई असो, तो पाय चिखलात घालू देऊ नका.