मँचेस्टरला पोचायच्या आधी मिटिंग शोधून ठेवा

दादा,

तुम्ही लिहिलंय की सातारच्या 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून चौदा महिने झाले, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. सप्टेंबरात मँचेस्टरला नोकरीवर रुजू व्हायचंय, वहिनी आणि मुलगी दिवाळीनंतर येणार. इथल्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) ग्रुपसारखं तिकडं काही मिळेल का आणि इंग्रजीत आपलं दुःख सांगता येईल का, हे तुमचे दोन प्रश्न. मीही साताऱ्याचाच, मंगळवार पेठेतला. सहा वर्षं झाली, लीड्समध्ये राहतो, तुमच्यापासून रेल्वेनं तासाभरावर.

मिळेल, आणि भरपूर मिळेल. पण ते कधी शोधायचं, यावर सगळं अवलंबून आहे. मी खोली, बँकेचं खातं, बसचा पास सगळं आधी केलं आणि मिटिंग 'बस्तान बसलं की बघू' म्हणून मागं टाकली. एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, दूध आणायला सुपरमार्केटात गेलो. दुधाच्या फ्रिजकडं जायची वाट वाइनच्या फळ्यांमधून होती. साताऱ्यात दुकानाची पायरी चढताना कुणीतरी ओळखीचं बघेल, ही धास्ती असायची. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. अडीच वर्षं दारूशिवाय सांभाळलेली सोबरायटी त्या रात्री गेली.

म्हणून तिकीट हातात पडलं की त्याच आठवड्यात ग्रेट ब्रिटनच्या ए.ए.ची वेबसाइट उघडा. तुमच्या राहण्याच्या जागेचा पोस्टकोड टाकला की जवळच्या मिटिंगा वारानुसार, वेळेसकट दिसतात. ऑनलाइन मिटिंगाही असतात, त्यातली एखादी आत्तापासून धरा. उन्हाळ्यातल्या वेळेनुसार आपण साडेचार तास पुढं. तिथली संध्याकाळी साडेसातची मिटिंग म्हणजे साताऱ्यात रात्रीचे बारा, ते झेपणार नाही. दुपारी साडेबाराची मात्र आपल्याकडं संध्याकाळी पाचला पडते. दोन-तीन आठवडे नुसतं ऐकत बसा. तिकडचे उच्चार कानाला सरावतील आणि उतरल्यावर एकदोन आवाज ओळखीचे असतील.

यादीत 'ओपन' लिहिलं असेल तर कुणीही येऊ शकतं, घरचेसुद्धा. 'क्लोज्ड' ही फक्त ज्याला दारू सोडायचीय त्याच्यासाठी. तुम्हाला दोन्ही चालतात. फी नाही, नावनोंदणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, वाटलं तर नाणं टाकायचं.

बऱ्याच मिटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, त्यावरून बिचकू नका. हॉल भाड्यानं घेतलेला असतो, धर्माशी संबंध नाही. माझी पहिली मिटिंग अशाच एका हॉलमध्ये होती. बाजूच्या दारावर सेलोटेपनं चिकटवलेला कागद होता, त्यावर दोनच अक्षरं: ए ए. मी त्या इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्यांदा दारापाशी आलो, तर सत्तरीतले एक आजोबा म्हणाले, चहात साखर किती? दोन म्हटलं. कपाला हात लावला तेव्हा माझा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी कप अर्धाच भरला आणि खाली बशी धरली. काही विचारलं नाही. त्या दिवशी मी बोललोच नाही. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' एवढं म्हटलं तरी चालतं. पुढच्या आठवड्यात तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोललो. आईच्या कानातली फुलं गहाण टाकल्याचं सांगताना शब्द सापडेना, तसं मराठीतच बोलून गेलो. कुणी अडवलं नाही.

परगावी असताना मिटिंग शोधणं तर ए.ए.च्या जन्मातच आहे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल डब्ल्यू. धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रनला गेले होते. काम फिसकटलं, हॉटेलच्या बारमधून गलका ऐकू येत होता. त्यांनी चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. मला दुसरा एक बेवडा भेटवून द्या, एवढंच मागणं. त्यातून डॉ. बॉब भेटले आणि या दोघांनी ए.ए. सुरू केलं. म्हणून म्हणतो, ए.ए.च्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा आणि लाज न बाळगता लावा.

ऑफिसचं सांगतो. शुक्रवारी मंडळी पबमध्ये जातात आणि 'राउंड'ची पद्धत असते, एकजण सगळ्यांसाठी मागवतो. तुम्ही गप्प राहिलात तर समोर ग्लास येऊन पडतो. तो उठायच्या आधीच 'मला ऑरेंज ज्यूस' म्हणा. कारण कुणी विचारत नाही, तुम्हीही देऊ नका. पहिले तीन महिने गेलाच नाहीत तर उत्तम. नाताळच्या पुडिंगात ब्रँडी आणि ट्रायफलमध्ये शेरी असू शकते, खाण्याआधी विचारा. डायसल्फिरामच्या गोळ्या (ज्यांच्यावर दारू पोटात गेली की त्रास होतो) चालू असतील तर हे जास्तच जपायला हवं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घेऊन या आणि गेल्या गेल्या जी.पी.कडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवून त्यांना खरं सांगा.

साताऱ्याच्या स्पॉन्सरला, म्हणजे ए.ए.तल्या तुमच्या जुन्याजाणत्या आधाराला, सोडू नका. रोज ठरल्या वेळी फोन, तुमच्या दुपारी दोनला त्यांचे साडेसहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, मग त्यांचे साडेसात होतील, आधीच सांगून ठेवा. वहिनी आल्या की त्यांना अल-अ‍ॅनॉनचा, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच्या ग्रुपचा, पत्ता द्या. परक्या देशात तुमच्या जिवाची काळजी एकटीनं वाहणं त्यांना जड जाईल.

जागा ठरली की पोस्टकोड कळवा. पहिल्या शनिवारची मिटिंग मी शोधतो आणि पिकाडिली स्टेशनवर तुम्हाला घ्यायला येतो.