वाचक विचारतात : वाफ्यातला तवंग

प्रश्न : सर, आमचं शिवार खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पाऊस सरला तरी खालच्या वाफ्यात पाणी पाझरत राहतं आणि त्यावर निळा-जांभळा तवंग येतो. पोरं म्हणतात, खाली तेल आहे. एक माणूस येऊन गेला, पैसे दिले तर तेलाचा रिपोर्ट काढून देतो म्हणाला. काय करावं? – एक शेतकरी

उत्तर : पैसे देऊ नका, हे आधी. बाकीचं सावकाश सांगतो.

एक वाळकी काडी घ्या आणि तवंगातून फिरवा. तवंग तडकून त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते सुटेच राहिले, तर ते तेल नव्हे. तेलाचा तवंग काडीमागे ओढला जातो, आणि काडी उचलली की परत जुळून येतो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाझराच्या तोंडाशी तांबूस, बुळबुळीत गाळ साचलेला असणार. बघा की एकदा. तुमच्याकडे जांभा, म्हणजे मातीत लोखंड भरपूर. पाणी तुंबून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि लोखंड विरघळतं. तेच पाणी उघड्यावर आलं की हवेमुळे आणि लोहजीवाणूंमुळे त्याचा गंज होतो, आणि पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो. रंग दिसतात ते त्या पातळपणामुळे. याने काही बिघडत नाही. मात्र भाताची पानं तांबूस पडत असतील तर वाफ्यातल्या पाण्याला वाट करून द्या, लोखंड जास्त झालेलं असतं.

आता खाली तेल का नसावं, ते. तेलाला गाळाचे खडक लागतात. शेवाळं आणि बारीक जीव चिखलात गाडले जावे लागतात, वर थर चढून तो चिखल साधारण 60 ते 120 अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि हे लाखो वर्षं चालावं लागतं. बेळगाव जिल्ह्यात वर जांभा, बऱ्याच भागात त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा दगड, आणि त्याहून जुने कलादगीचे वालुकाश्म, धारवाडचे खडक. त्यांत तेल शिजेल असं सामान नाही. कुणी म्हणेल, गुजरातेत पादऱ्याला काळ्या दगडातून तेल निघतं की! निघतं, पण ते दगडाचं स्वतःचं नव्हे. शेजारच्या खंबातच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या थरांपासून झालेल्या दगडात, तयार झालेलं तेल दगडाच्या भेगांत शिरलेलं आहे. आपल्याकडे असा शेजार नाही. आणि समजा निघालंच, तरी उताऱ्यावर नाव तुमचं असलं म्हणून खालचं तेल तुमचं होत नाही, त्यावर हक्क सरकारचा.

काडी फिरवल्यावर तवंग जुळून आला, रॉकेलसारखा वासही आला, तर मात्र तेल वरून आलंय असं धरा. शेजारी बोअर मारला असेल, डिझेल इंजिन गळत असेल. तेव्हा नमुना काचेच्या बाटलीत घ्या आणि बुचाखाली अॅल्युमिनियमचा कागद लावा. प्लास्टिकच्या बाटलीतलं थॅलेट नावाचं रसायन पाण्यात उतरू शकतं आणि तपासणीच्या आलेखात भलतंच शिखर उभं राहतं. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं शिखर काढणाऱ्या यंत्रात, डिझेल साधारण 10 ते 25 कार्बनांच्या सरळ साखळ्यांची, सारख्या अंतरावरची शिखरं दाखवतं. इंजिन ऑइल नुसता फुगवटा दाखवतं. झाडाच्या पानांवरचं मेण असेल तर 27, 29, 31 अशा विषम आकड्यांची शिखरं उंच आणि मधली सम आकड्यांची बुटकी. माझी नोकरीची वर्षं या शिखरांकडे बघण्यातच गेली, त्यामुळे खरा रिपोर्ट आणि विकत घेतलेला रिपोर्ट यांतला फरक कागद हातात घेताच कळतो. विकतच्या कागदावर शिखरंच नसतात, नुसता शिक्का असतो.

प्रश्न : एका थेंबावरून तेल कुठल्या खडकातलं हे खरंच कळतं का? मी निपाणीची, एम.एस्सी. करते. या विषयात जायचं तर सुरुवात कशी करू?

उत्तर : बरंचसं कळतं. 1930 च्या दशकात म्यूनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांना खनिज तेलात पॉर्फिरिन नावाचे कड्यासारखे रेणू सापडले, त्यांतल्या काहींच्या पोटात व्हॅनेडियम हा धातू, आणि सांगाडा हरितद्रव्याच्या जवळचा. तेल सजीवांपासून बनतं याला तो भक्कम पुरावा ठरला. शिवाय पॉर्फिरिन फार उष्णतेत टिकत नाहीत, म्हणजे तेल भट्टीसारख्या उष्णतेत तयार झालेलं नाही, हेही कळलं. ‘डायनासोरचं तेल’ हे मात्र विसर, तो मान शेवाळांचा आणि जीवाणूंचा.

आज जीसी-एमएसवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफला रेणूंचे तुकडे तोलणारं यंत्र जोडून, 191 वस्तुमानाचा तुकडा निवडून होपेन हे रेणू बघतात, ते जीवाणूंच्या पेशीपटलातून आलेले. 217 वर स्टेरेन, ते शेवाळांसारख्या जीवांचे. आसामच्या तेलात ओलिएनेन हा रेणू ठळक दिसतो. तो फुलझाडांकडून येतो, म्हणून ते तेल फुलझाडं पसरल्यानंतरच्या खडकातलं. डिगबोईला 1889 मध्ये तेल लागलं तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं, बरं का.

सुरुवात यंत्रापासून करू नकोस. आधी तेलात हेप्टेन घालून अॅस्फाल्टीन, म्हणजे त्यातला सर्वांत जड काळा भाग, खाली बसव, गाळून घे. उरलेलं सिलिकाच्या स्तंभावर चढव. हेक्झेनने संतृप्त हायड्रोकार्बन उतरतील, टोल्युइनने अॅरोमॅटिक, आणि काळपट रेझिन मिथेनॉल मिसळल्याशिवाय हलणार नाहीत. प्रत्येक भाग सुकवून वजन कर. बेरीज मूळ वजनाशी जुळेपर्यंत जीसी-एमएसच्या खोलीकडे फिरकू नकोस.