वापरलेलं मोठ्या बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) रिव्हॉल्व्हर घेताना काय तपासायचं?

भावा, आधी सिलिंडरचं लॉकअप बघ (गोळ्यांचा फिरता सिलिंडर जागेवर घट्ट बसतो का ते), पॉलिश नंतर. बंदूक दुरुस्तीच्या दुकानात काम केलंय त्यावरून सांगतो, मोठ्या काडतुसाचा दणका तिथंच बसतो. रिकामी असल्याची स्वतः खात्री कर (सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी बघ, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नको) आणि हॅमर (मागचा घोडा) सावकाश मागं ओढ, तो मागं अडकायच्या आत सिलिंडर लॉक झालाच पाहिजे, आणि हे प्रत्येक घराला तपास कारण बऱ्याचदा एखादंच घर मागं राहतंय. चढवलेला हॅमर अंगठ्यानं पुढं ढकलल्यावर ट्रिगर न दाबता पडला तर सरळ हात जोडून निघ. मग सिलिंडर आणि नळीमधली फट, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपात मिळंल, ०.००४ ते ०.००८ इंच चांगली, ०.०१० च्या वर असंल तर घेऊ नको. नळीत खड्डे, घासलेला नंबर, खाचा खराब झालेले स्क्रू हेपण बघ.

फक्त एक, .४५५ चं जुनं वेब्ली असंल तर ते प्रतिबंधित बोअर, साध्या लायसन्सवर घेता येत नाही. बाकी बोअरलापण खाजगी व्यवहार असंल तर विकणाऱ्याला कलेक्टर नाहीतर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, तवर ॲडव्हान्स देऊ नको.