मंत्री दुसऱ्याच सेशनला पकडला गेला, आता?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात एक जण गेम मास्टर होतो. जग, तिथली माणसं आणि संकटं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासून मास्टर मंडळींना एक प्रश्न सतावतो: गोष्ट आपण रचायची, की खेळाडूंच्या हाती सोपवायची? या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच्याच आसपासचे आहेत.

प्रश्न : राजाचा मंत्रीच फितूर आहे, हे आठव्या सेशनला उघड व्हायचं होतं. खेळाडूंना दुसऱ्याच सेशनला संशय आला आणि त्यांनी त्याला कोठडीत टाकलं. माझं पुढचं सगळं लिखाण त्याच्याभोवती आहे. त्याला गुपचूप पळवून लावू का?

उत्तर : नको. खेळाडूंनी नीट ऐकलं, दुवे जुळवले, धोका पत्करला. त्याचं फळ तुम्ही पडद्याआडून काढून घेतलंत तर त्यांना ते कळतं. पहिल्यांदा नाही तर दुसऱ्यांदा नक्की. मग ते समोरच्या परिस्थितीचा विचार सोडून तुमचा चेहरा वाचू लागतात आणि मास्टरला काय हवंय तेवढंच करतात. रेलरोडिंगने, म्हणजे खेळाडूंना मास्टरने आखलेल्या रुळावरूनच नेण्याने, होणारं मोठं नुकसान हेच.

मुळात चूक झाली ती आठव्या सेशनचा प्रसंग आधीच लिहून ठेवण्यात. प्रसंगाऐवजी मंत्र्याचा बेत लिहा, एका पानात मावेल एवढा. त्याला काय हवंय? समजा, धाकट्या राजपुत्राला गादीवर बसवायचंय. हाताशी काय आहे? पैसा, पंधरा भाडोत्री सैनिक आणि उत्तर दरवाज्याच्या किल्लेदाराशी जुनी ओळख. आणि कुणी अडवलंच नाही तर तो काय काय करेल, ते ओळीने सहा पायऱ्यांत: शत्रूकडे पत्रं जातात, किल्लेदार फितवला जातो, धान्याची कोठारं जळतात, राजा आजारी पडतो, दरवाजा उघडतो, राजपुत्राच्या नावाने द्वाही फिरते. एक वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करा आणि पायरी घडली की एक भाग रंगवा. 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात अशीच चार, सहा किंवा आठ भागांची घड्याळं वापरतात. वर्तुळ खेळाडूंना दिसेल असं ठेवा. त्यावर नाव नसलं तरी ते भरत चाललंय हे पाहून टेबलावरची कुजबुज बदलते.

तुमचा मंत्री, समजा, दुसऱ्या पायरीनंतर पकडला गेला. म्हणजे पत्रं गेलेली आहेत आणि किल्लेदाराने पैसे घेतलेले आहेत. आता किल्लेदाराच्या जागी बसून विचार करा. तो घाबरून कबुली देईल, की मंत्र्याचं तोंड कायमचं बंद करायला माणूस पाठवेल? दुसरं ठरवलंत तर हल्ल्याआधी खेळाडूंना निदान दोन खुणा मिळायला हव्यात: नेहमीचा पहारेकरी आज दिसत नाही, कैद्याच्या पाण्याला कडवट वास येतोय. त्यांनी पहारा वाढवला तर हल्ला अवघड होईल, नाही वाढवला तर सोपा. फासे उघड्यावर टाका. मंत्री मेला किंवा सुटला तरी तो कशामुळे, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

जपून ठेवलेला संवाद वाया गेला याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण कोठडीतून सौदा करू पाहणारा मंत्री हाती लागलाय. तो अर्धं खरं सांगेल, अर्धं विकत देईल. अशा प्रसंगाला लागते फक्त त्याच्या बेताची नीट माहिती, आणि ती तुमच्याकडे आहे.

प्रश्न : खुनाच्या तपासाची गोष्ट घेतली होती. तळघराच्या दाराचा रोल, म्हणजे त्यासाठी टाकलेला फासा, फसला, डायरी सापडली नाही आणि अख्खं सेशन तिथेच अडलं. शेवटी मीच सांगून टाकलं. काय चुकलं?

उत्तर : पुढे जायची एकच वाट ठेवलीत आणि ती फाशावर टांगलीत. गणित करून पाहा. वीस बाजूंचा फासा, अधिक पाचचा बोनस आणि लक्ष्य पंधरा किंवा जास्त, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. असे तीन रोल एकामागोमाग जमायलाच हवेत अशी रचना असेल, तर शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के उरते. तेच तीन क्लू एकमेकांवर अवलंबून न ठेवता तीन वेगळ्या ठिकाणी ठेवले आणि त्यांतला एक पुरेसा असेल, तर तिन्ही हुकण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. म्हणून ज्या निष्कर्षावाचून गोष्ट थांबेल, त्याला किमान तीन क्लू द्या, आणि तेही वेगवेगळ्या प्रकारचे: एक वस्तू, एक माणूस, एक जागा. तिन्ही कुलूपबंद पेट्यांत ठेवलेत तर कुलूप न उघडता येणाऱ्या गटाला ते तीन असून नसल्यासारखेच.

अत्यावश्यक माहितीवर रोल घेऊच नये, असं आमचं मत आहे. योग्य जागी शोधलं की डायरी मिळावी. रोल घ्यायचाच तर किती वेळ गेला, आवाज झाला का, पानं शाबूत राहिली का, यासाठी घ्या. मुद्दाम पेरलेले खोटे क्लू मात्र टाळा. चुकीचे तर्क खेळाडू स्वतःच भरपूर काढतात.

प्रश्न : खेळाडू डावीकडे जावोत की उजवीकडे, मी तयार केलेला वाडा त्यांच्या वाटेत येतो. ही फसवणूक आहे का?

उत्तर : त्यांना त्या वाटांबद्दल काय ठाऊक होतं, यावर ते ठरतं. काहीच ठाऊक नसेल तर ती नाणेफेकच होती, आणि वाडा हलवण्याआधी ती नाणेफेक सुधारायला हवी. डावी वाट एका दिवसाची, पण लुटारूंची. उजवी तीन दिवसांची, शिदोरी पुरणार नाही. एवढं सांगितलंत की निवडीला अर्थ येतो. सांगून झाल्यावर मात्र वाडा जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे. विशेषतः त्यांनी एखादी गोष्ट जाणूनबुजून टाळली असेल, तर ती पुढच्या वळणावर उभी करू नका. त्यांनी जे पाहिलं नाही, ऐकलं नाही आणि टाळलंही नाही, ते तुम्ही बिनधास्त दुसरीकडे वापरू शकता.

प्रश्न : मी पूर्ण सँडबॉक्स दिला. मोठा नकाशा, कुठेही जा. खेळाडू पाऊण तास नुसतेच चर्चा करत बसले. त्यांना स्वातंत्र्य नको आहे का?

उत्तर : हवं आहे, पण कोऱ्या नकाशावर निवडण्यासारखं काही नसतं. सुरुवातीला तीनच कामं समोर ठेवा. प्रत्येकाला मुदत हवी आणि त्यातलं निदान एक कुठल्या तरी पात्राच्या पूर्वायुष्याला चिकटलेलं हवं. ज्या दोन कामांकडे दुर्लक्ष होईल, ती मुदत संपल्यावर बिघडलेली दिसू द्या. पूर्वायुष्याच्या दुव्यासाठी सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला, प्रत्येक खेळाडूकडून दोन नावं घ्या: पात्राला जपावंसं वाटणारं एक माणूस आणि ज्याचं देणं लागतो असं एक. कुठले विषय टेबलावर नकोत, हेही तेव्हाच विचारा.

आणखी एक सवय लावा. सेशन संपताना शेवटची पाच मिनिटं 'पुढच्या वेळी कुठे जाणार?' एवढंच विचारा. उत्तर मिळालं की तयारी त्या एका दिशेचीच करायची. तुमचे तास वाचतात आणि निवड त्यांचीच राहते. यानंतरही चर्चा लांबली तर दार ठोठावा: जखमी निरोप्या, आग, कर्जवसुलीची माणसं. असा धक्का द्यायला हरकत नाही. त्यावर काय करायचं, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : खेळाडू तयारीत नसलेल्या माणसाशी बोलायला गेले की मी गडबडतो.

उत्तर : सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज करा. सुरुवातीच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला तक्ता अजून उपयोगी पडतो: २ ते ५ आला तर माणूस विरोधात, ६ ते ८ आला तर अनिश्चित, ९ ते १२ आला तर अनुकूल. शक्यता अनुक्रमे सुमारे २८, ४४ आणि २८ टक्के. मग त्याला एक नाव, एक लकब आणि आज हवी असलेली एक गोष्ट द्या. नावं ऐन वेळी सुचत नाहीत, म्हणून दहा नावांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि वापरलेल्या नावापुढे तो कोण होता ते लगेच लिहा. पुढच्या सेशनला खेळाडू नेमके त्यालाच शोधत येतात.