देवावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती करायला शिकता येते का?

आपला प्रश्न असा आहे : जन्म ख्रिस्ती घरात झाला, बाप्तिस्मा आणि दृढीकरण वेळच्या वेळी झाले, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, रात्रीची प्रार्थनाही होते; पण ‘देवावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती कर’ ही आज्ञा कानावर पडली की अपराध्यासारखे वाटते, कारण मनात शोधूनही तशी प्रीती सापडत नाही, मग ती आणायची कुठून? मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानही शिकलेलो नाही. नगर जिल्ह्यातील एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी अकरा वर्षे खजिनदार होतो आणि हाच प्रश्न मलाही बराच काळ छळत होता, एवढ्याच अधिकारावर लिहितो.

पहिली अडचण मला त्या आज्ञेच्या शब्दांतच दिसते. ‘अंतःकरण’ म्हटले की मराठी माणसाला गहिवर आठवतो, डोळ्यांत येणारे पाणी आठवते. एका शास्त्र्याने सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले तेव्हा प्रभू येशूने जे उत्तर दिले (मार्क, अध्याय १२), ते मूळचे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले आहे, आणि तिथला हिब्रू शब्द आहे ‘लेवाव’. हिब्रू माणसाच्या लेखी हृदय हे नुसत्या भावनांचे घर नव्हते. माणूस विचार करतो, बेत आखतो, निर्णय घेतो तो हृदयातच, अशी त्याची समजूत होती. दुसरा शब्द ‘नेफेश’, म्हणजे जीव, श्वास. तिसरा ‘मेओद’, ज्याचे आपण ‘शक्ती’ असे भाषांतर करतो. पण तो शब्द एरवी ‘अतिशय’, ‘फार’ अशा अर्थाने येतो, त्यामुळे त्या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘तुझ्या सगळ्या अतिशयपणाने’ असा काहीसा विचित्र होतो. यहुदी गुरूंनी या शब्दाचा अर्थ धन, मालमत्ता असाही लावला, आणि हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तो चटकन पटतो. म्हणजे आज्ञा विचारते ती तुला किती भरून येते हे नव्हे. तुझे ठरवणे, तुझा जीव आणि तुझ्या गाठीला असलेले सारे एका दिशेला आहे की चार दिशांना फुटले आहे, हे ती विचारते. ‘पूर्ण’ या शब्दाचा रोख उत्कटतेपेक्षा अखंडपणाकडे आहे. स्तोत्र ८६ मध्ये भक्त नेमके हेच मागतो : माझे चित्त एकाग्र कर. विखुरलेले मन एक करावे ही त्याची विनंती आहे, आणि ती तो देवाकडे करतो, स्वतःच्या निश्चयाकडे नाही.

प्रार्थनासभेत ज्यांचा कंठ दाटून येतो त्यांच्याविषयी माझ्या मनात काडीइतकीही तक्रार नाही. पण ज्यांचा दाटत नाही त्यांनी स्वतःला दुय्यम विश्वासणारे समजावे, ही आपल्या मंडळ्यांतली न बोललेली रीत मला चुकीची वाटते. स्वभाव निरनिराळे असतात. माझ्या आईच्या डोळ्यांना पहिल्याच कडव्याला धार लागत असे, आणि वडील सबंध गीत कोरड्या आवाजात, पण एकही शब्द न गाळता गात असत.

जन्माने ख्रिस्ती असल्याबद्दलचा आपला संकोच वाचताना मला पंडिता रमाबाई आठवल्या, आणि त्या तर जन्माने ख्रिस्ती नव्हत्या. संस्कृतात पारंगत, दुष्काळात आईवडील गमावलेली, भावाबरोबर देशभर पायी हिंडलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेते. बाप्तिस्मा कोणाच्या दडपणाने घेतलेला नव्हता. विचार करून, वाद घालून, अटी मांडून घेतलेला होता. आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले ते हे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. दरम्यानच्या वर्षांत त्या रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले होते, व्याख्याने चालू होती, पवित्र शास्त्राचे वाचन चालू होते. म्हणजे काम, अभ्यास आणि श्रद्धा तिन्ही असूनही काहीतरी उणे राहू शकते, आणि ते उणे आहे हे ओळखणे म्हणजे विश्वास ढळणे नव्हे. रमाबाईंच्या बाबतीत पुढची सगळी वाट त्या ओळखीतून फुटली : १८९६-९७ च्या दुष्काळातून मध्य प्रांतातल्या मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणणे, तिथले निराधार स्त्रिया-मुलींसाठीचे मुक्ती मिशन, आणि अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर. मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, तरी ते काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या.

मग ती ओळख होते कशाने? मला शास्त्रात याचे सर्वांत सरळ उत्तर लूकच्या सातव्या अध्यायात सापडते. शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या, घरी प्रभू जेवायला बसलेला आहे. गावात पापिणी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री येते, आसवांनी त्याचे पाय भिजवते, केसांनी पुसते. यजमानाच्या मनातली नापसंती ओळखून प्रभू त्याला दोन ऋणकोंची गोष्ट सांगतो. एकाचे देणे पाचशे दीनार, दुसऱ्याचे पन्नास. फेडायला दोघांकडेही काही नाही. सावकार दोघांनाही सोडून देतो. अधिक प्रीती कोण करील? दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा पन्नास दीनारांचे देणेही काही किरकोळ नव्हते. गोष्टीची मेख मला ‘दोघांकडेही काही नाही’ या शब्दांत वाटते. शिमोनाची अडचण कर्ज थोडे असण्याची नव्हती; आपण कर्जात आहोत हेच त्याच्या वहीत लिहिलेले नव्हते. आपल्यासारख्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात, वाढलेल्यांचे बहुधा हेच होते. मोठे, डोळ्यांत भरणारे पाप हातून घडलेले नसते, त्यामुळे क्षमा हा शब्द रविवारच्या पापांगीकारात आपण सगळ्यांबरोबर उच्चारतो आणि पुढच्या ओळीवर जातो. जिथे क्षमेची गरजच भासली नाही तिथे प्रीती निर्माण करायचे कितीही प्रयत्न केले, तरी ते कोरड्या विहिरीवर मोट चालवण्यासारखेच. ‘पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली’ असे योहान आपल्या पत्रात म्हणतो ते याच क्रमाची आठवण देण्यासाठी.

आता माझे स्वतःचे सांगतो, कारण वरचे सारे मला पुस्तकातून समजलेले नाही. खजिनदार म्हणून दर रविवारी उपासना संपली की मी आणि एक भाऊ मंडळीच्या मागच्या खोलीत दानाच्या पिशव्या टेबलावर उपड्या करत असू. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या. त्यांत एक दहाची नोट नेहमी चार घड्या घातलेली, किंचित दमट आणि तंबाखूच्या मशेरीचा वास असलेली असे. ती कोणाची हे मला ठाऊक होते, कारण त्या म्हाताऱ्या बाईंना पदराची गाठ सोडताना मी पाहत असे. सुरुवातीच्या वर्षांत ती नोट उलगडताना माझा हात क्षणभर थांबत असे. सातव्या-आठव्या वर्षी केव्हातरी मी ती इतर नोटांसारखीच ओल्या बोटाने सरकवू लागलो, आणि हे बदललेले मला कळलेही नाही. तोवर उपासनेत गीत चालू असताना माझी नजर छताच्या पोपड्यांवर असे, उपदेशाच्या वेळी मी कापणीच्या सणाच्या लिलावात बाजरीची पोती किती येतील याचा अंदाज बांधत असे. हिशेब चोख होता. मंडळीत माझे नाव होते. इफिस येथील मंडळीला लिहिलेले पत्र (प्रकटीकरण, अध्याय २) मी लहानपणापासून ऐकत आलो होतो : श्रम आहेत, धीर आहे, खोट्यांची पारख आहे, पण तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. हे पत्र आळशांना लिहिलेले नाही, कामसूंना लिहिलेले आहे, हे मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

त्याच पत्रात पुढे जे सांगितले आहे ते आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. आठव, पश्चात्ताप कर आणि आपली पहिली कृत्ये कर, असे प्रभू म्हणतो. पहिल्या भावना परत आण असे तो म्हणत नाही. भावना आणणे आपल्या हातात नसते, कृत्ये असतात.

माझ्या बाबतीत अडलेले कृत्य एकच होते, आणि ते मला माहीत होते. बांधकाम निधीवरून कमिटीतल्या एका वयस्कर सभासदांशी माझे कडाक्याचे भांडण झाले होते, आणि दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एकाच छताखाली ते उजवीकडच्या बाकांवर, मी डावीकडच्या. प्रभुभोजनाची भाकर दोघेही घेत होतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. इतरांची अर्पणे मोजणाऱ्या माणसाने हे वचन कितीदा वाचले असेल! अखेर एका शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते पाठ करून गेलो होतो, त्यातले निम्मे विसरलो. चहा आला, तो बिनसाखरेचा होता. त्यांना मधुमेह झाल्याला दीड वर्ष झाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. निधीच्या बाबतीत ते आजही मलाच चूक मानतात आणि मी त्यांना, पण दुसऱ्या दिवशी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या शब्दांवर माझी जीभ अडखळली, आणि ते अडखळणे मला कित्येक वर्षांच्या सुरळीत प्रार्थनांपेक्षा खरे वाटले. दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणाऱ्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असे योहान लिहितो. मी हे वाक्य नैतिक ताकीद म्हणून वाचत आलो होतो, आता ते मला रोगनिदान वाटते.

नित्यक्रमाविषयीही आपण विचारले आहे, तर थोडे त्याविषयी. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाईट या कॅथलिक संन्यासी संघाच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते, आधीचे सैनिक. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात काम मिळाले, आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नव्हते. भांड्यांच्या खडखडाटात देवाशी मनातल्या मनात बोलत राहणे एवढाच त्यांचा अभ्यास होता, आणि मन भरकटले तर स्वतःवर न चिडता ते परत आणणे. हे सोपे वाटते, करून पाहिले की किती कठीण आहे ते कळते. मी तरी बँकेच्या रांगेत करून पाहण्यापलीकडे फारसा गेलेलो नाही. गाण्याचा मात्र मला मोठा आधार झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, जे तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ख्रिस्ताला माउली म्हणून आणि गुरू म्हणून आळवणारी पदे आणि अभंग लिहिले, आणि त्यांतली अनेक आपल्या गीतसंग्रहात आहेत. ती मंडळीबरोबर पेटीच्या साथीने गाणे वेगळे आणि एकट्याने, सकाळी, नुसती वाचल्यासारखी म्हणणे वेगळे. स्वतःच्या शब्दांनी प्रीती व्यक्त करता येत नाही तेव्हा दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायला लाज वाटू नये. स्तोत्रसंहिता तर त्याचसाठी आपल्या हातात दिलेली आहे, आणि तिच्यात तक्रारीही भरपूर आहेत.

देवाकडे काही मिळावे म्हणूनच आपण जातो, याचेही आपल्याला वाईट वाटते असे दिसते. बाराव्या शतकातील क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : माणूस स्वतःसाठी स्वतःवर प्रीती करतो, मग स्वतःच्या लाभासाठी देवावर, मग देवासाठी देवावर, आणि शेवटी देवासाठी स्वतःवर. दुसरी पायरी ते नाकारत नाहीत. वारंवार गरजेपोटी देवाकडे गेल्यानेच त्याचा गोडवा कळू लागतो, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मुलाच्या परीक्षेसाठी आणि आईच्या गुडघ्यासाठी खुशाल प्रार्थना करत राहावे.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. पहिल्यांदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभा असताना पेत्र या शिष्याने प्रभूला नाकारले. दुसऱ्यांदा तिबिर्य समुद्राच्या काठी, जिथे पुनरुत्थित प्रभूने विस्तवावर मासळी ठेवली होती आणि न्याहारीनंतर पेत्राला तीनदा विचारले, माझ्यावर प्रेम करतोस काय? तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. त्याने पुरावा काही दिला नाही, देण्यासारखा त्याच्याकडे नव्हताच. तो एवढेच म्हणाला की प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रेम करतो हेही तुला ठाऊक आहे. आणि त्या तुटपुंज्या उत्तरावर मेंढरे त्याच्या हाती सोपवली गेली.

मी हल्ली रात्री स्तोत्र ८६ मधील ती एक ओळ म्हणतो, आणि त्या दिवशी ज्याच्याशी वाकडे बोललो असेन त्याचे नाव घेतो. पुष्कळदा नावापुढे काही सुचत नाही, मग मी तिथेच थांबतो आणि दिवा मालवतो.